वळण दोन मीटर सरकवलं तर?

समजा, गगनबावड्याहून कोकणात उतरणाऱ्या करूळ घाटातलं एक वळण फार चिंचोळं आहे. वरून उतरणारा ट्रक आणि खालून चढणारी एसटी तिथं समोरासमोर आली, की एकाला मागं घ्यावंच लागतं. म्हणून ठरतं, की रस्त्याची मध्यरेषा डोंगराच्या अंगाला दोन मीटर सरकवायची.

बोलायला हे एक वाक्य आहे. १९८५ साली ते ज्याच्या टेबलावर पडायचं, त्याला पुढचा आठवडा डोकं वर काढायला सवड नसायची. आज तेच काम करणारी मुलगी स्क्रीनवरचा एक बिंदू माउसनं ओढते आणि डोंगर किती फोडायचा याचा आकडा तिथल्या तिथं बदलतो. 'कॉम्प्युटर आला आणि रेघा पटापट मारता यायला लागल्या' असं याचं उत्तर बहुतेक लोक देतात. ते अपुरं आहे, आणि थोडं चुकीचंही. पटापट रेघा मारणं हा या बदलातला सगळ्यात किरकोळ भाग होता.

आधी त्या आठवड्यात काय चालायचं ते बघू. सुरुवात मोजणीनं. डंपी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, ट्रायपॉडवर लावायची, एकानं स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली उंच पट्टी, धरून दगडधोंड्यांत उभं राहायचं, दुसऱ्यानं दुर्बिणीतून आकडा वाचायचा, तिसऱ्यानं तो फील्ड बुकात लिहायचा. घाटात दर दहा मीटरला रस्त्याच्या आडवी एक रेघ धरायची आणि तिच्यावरच्या सात-आठ ठिकाणच्या पातळ्या घ्यायच्या. एका किलोमीटरला अशा १०१ रेघा. हे काम आजही करावं लागतं. डंपीच्या जागी टोटल स्टेशन हे इलेक्ट्रॉनिक मोजणीयंत्र, उपग्रहांवरून नेमकी जागा सांगणारं डीजीपीएस किंवा ड्रोन आला, एवढंच.

खरी हमाली ऑफिसात. प्रत्येक आडव्या रेघेचा ग्राफ पेपरवर एक छेद काढायचा. छेद, म्हणजे क्रॉस सेक्शन: त्या जागी जमीन उभी चिरली तर तिची कड कशी दिसेल ते. त्यावर होणाऱ्या रस्त्याचा आकार ठेवायचा: डांबरी पट्टा, बाजूपट्टी, डोंगराकडचं गटार आणि वर तिरका कापलेला उतार. जमिनीची रेघ आणि रस्त्याची रेघ यांच्यामध्ये जो वेडावाकडा तुकडा उरतो तो फोडायचा किंवा भरायचा. त्याचं क्षेत्रफळ काढायला एक तर ग्राफचे चौकोन मोजायचे, नाहीतर प्लॅनिमीटर नावाचं यंत्र त्याच्या कडेनं सावकाश फिरवायचं. हात हलला की पुन्हा पहिल्यापासून.

धरा, २४० मीटरवरच्या छेदात फोडायचं क्षेत्र १८.४ चौरस मीटर आलं आणि २५० मीटरवरच्या छेदात २२.६. दोन्हींची सरासरी २०.५. मधलं अंतर १० मीटर. म्हणजे या दहा मीटरच्या तुकड्यात २०५ घनमीटर खोदाई. दहा घनमीटरचा डंपर धरला तर वीस खेपा, आणि फोडलेला खडक फुगतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच जास्त. गणित चौथी-पाचवीचं आहे. पण ते किलोमीटरला शंभर वेळा करायचं, तक्त्यात मांडायचं, बेरीज घ्यायची, आणि वरिष्ठांनी ती तपासायची.

आता वळण दोन मीटर हललं. मध्यरेषा हलली म्हणजे आडव्या रेघांची जागा बदलली. जागा बदलली म्हणजे जमिनीची पातळी वेगळी, छेद वेगळे, क्षेत्रं वेगळी. वळणाची लांबीही बदलली, त्यामुळं तिथून पुढच्या सगळ्या चेनेजचा, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरांचा, मेळ पुन्हा बसवायचा. त्रिज्या बदलली म्हणून रस्त्याची बाहेरची कड किती उचलायची तेही पुन्हा काढायचं. डोंगरी रस्त्यावर ही उचल जास्तीत जास्त १० टक्के आणि टायर-रस्त्याचं घर्षण ०.१५ धरलं, तर ताशी ४० किलोमीटर वेगाला वळणाची त्रिज्या निदान ५० मीटर लागते. वेग निम्म्यावर आणला तर पंधराएक मीटरमध्येही भागतं. घाटातली ती 'यू' आकाराची वळणं २० च्या वेगाला धरून आखलेली असतात ती त्यामुळंच. गोलाई काढायला लाकडी किंवा प्लास्टिकच्या वक्रपट्ट्यांचा डबा असायचा, रेल्वे कर्व्हचा. हव्या त्या त्रिज्येची पट्टी डब्यात नसली, की शेजारच्या टेबलावर मागायची.

हे सगळं पेन्सिलीत झालं, की ट्रेसिंग. मोठ्या ट्रेसिंग पेपरवर रॉट्रिंग पेननं शाईत तीच रेघ पुन्हा. जमिनीची रेघ बारीक, रस्त्याची जाड, अक्षरं स्टेन्सिलनं. चूक झाली तर अर्ध्या ब्लेडनं शाई अलगद खरवडायची. जास्त खरवडलं की कागदाला भोक. कोल्हापूरच्या जुलैत हवा इतकी दमट, की ट्रेसिंगला सुरकुत्या पडायच्या आणि तळहाताच्या घामानं ओली रेघ पसरायची. पुढं अमोनिया प्रिंट, ज्याच्या वासानं डोळ्यांतून पाणी यायचं. या कामाबद्दल जुनी मंडळी हळवेपणानं बोलतात. त्यांच्या अक्षराला मी हात जोडतो, पण छेद क्रमांक ७३ पुन्हा काढण्यात कोणतीही कला नव्हती.

संगणकावर चित्र काढण्याची कल्पना जुनी. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड नावाची प्रणाली करून दाखवली, पण ती खोलीभर पसरलेल्या यंत्रावर चालायची. सामान्य ऑफिसच्या टेबलावर हे काम आलं ते डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅड हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर बाजारात आल्यावर. आपल्याकडं ते रुजायला आणखी बरीच वर्षं गेली. त्यानंतर ड्रॉइंग बोर्ड आणि त्यावर रेघा मारायचा मिनी ड्राफ्टर हळूहळू माळ्यावर गेले.

पण नीट बघा, सुरुवातीच्या ऑटोकॅडनं घाटातल्या त्या वळणाचा प्रश्न सोडवलाच नव्हता. रेघ खोडायला ब्लेड लागेना, इमारतीच्या नकाशातली एक खिडकी शंभर वेळा कॉपी करता येऊ लागली, भिंतीला समांतर रेघ 'ऑफसेट' म्हटलं की मिळू लागली. हे सोय म्हणून मोठंच होतं. तरी संगणकाला ती फक्त रेघ होती. ती रस्त्याची कड आहे, तिच्या खाली जमीन आहे, तिचा खोदाईच्या आकड्याशी संबंध आहे, यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. मध्यरेषा सरकवली तर बाकीची चित्रं जागच्या जागी बसून राहायची आणि माणसानं ती एकेक करून दुरुस्त करायची. बोर्ड काचेचा झाला होता, काम तेच होतं.

खरा पालट आला तो रेघांना नातं मिळालं तेव्हा. सिव्हिल थ्रीडी किंवा ओपनरोड्ससारख्या रस्ते आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण चित्र काढत नाही, वस्तू मांडतो. ही जमीन. ही तिच्यावरची मध्यरेषा. हा त्या रेषेवरचा चढ-उतार. हा रस्त्याचा ठरावीक छेद, जो या रेषेवरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरवायचा. छेदांचे नकाशे, खोदाई-भराईचे तक्ते, गटाराची पातळी हे सगळं त्यांच्यापासून निघतं आणि त्यांना बांधलेलं राहतं. दावण ओढली की तिला बांधलेली सगळी जनावरं सरकतात, तसं मध्यरेषा ओढली की १०१ छेद आपोआप सरकतात. म्हणूनच आता अभियंता वळण दोन मीटर सरकवून बघतो, मग तीन, मग दीड, आणि तिन्हींची खोदाई समोरासमोर ठेवतो. पूर्वी असले तीन पर्याय मागणाऱ्या साहेबाला ऑफिसात कुणी चांगलं म्हणत नसे. एकच पर्याय काढायचा आणि तोच बरोबर म्हणायचं, अशी रीत पडली होती, कारण दुसरा काढायला वेळच नसायचा. माझ्या मते या सॉफ्टवेअरनं वाचवलेल्या तासांपेक्षा ही तुलना करण्याची मोकळीक जास्त मोलाची आहे.

पण त्या सगळ्याच्या बुडाशी 'ही जमीन' आहे, आणि ती संगणकाला कशी कळते हे समजून घेण्यासारखं आहे.

मोजणीतून मिळतात ते सुटे बिंदू. समपातळी रेषा, म्हणजे कंटूर, काढायच्या तर दोन बिंदूंच्या मधली पातळी अंदाजावी लागते. एका ठिकाणी पातळी ५४७.२ मीटर, वीस मीटरवर दुसरीकडं ५४९.६. मग ५४८ ची रेषा मधून कुठं जाईल? एकूण चढ २.४ मीटर, आपल्याला हवा ०.८ मीटर, म्हणजे एक तृतीयांश अंतरावर, पहिल्या बिंदूपासून साधारण ६.७ मीटरवर. पूर्वी असे शेकडो हिशोब करून ठिपके टाकायचे आणि मग ते हातानं जोडायचे. सॉफ्टवेअर सगळ्या बिंदूंना जोडून जमिनीवर त्रिकोणांचं जाळं पसरतं. त्रिकोण शक्यतो लांबट-निमुळते होऊ नयेत अशा बेतानं ते जोडण्याची रीत रशियन गणिती बोरिस दलोने यांच्या नावानं ओळखली जाते, १९३४ सालची. प्रत्येक त्रिकोण सपाट धरला, की त्यावरच्या कुठल्याही जागेची पातळी काढता येते. हजारो बिंदू असले तरी काही क्षणांचं काम.

इथंच ते फसतंही. दोन शेतांच्या मधून ओढा जातोय आणि मोजणी करणाऱ्यानं दोन्ही काठांवरचे बिंदू घेतले, तळाचे घेतले नाहीत, तर त्रिकोण एका काठावरून थेट दुसऱ्या काठावर उडी मारतो. नकाशात ओढा बुजलेला असतो. तळाचे थोडे बिंदू घेतले पण तळाची रेघ 'ब्रेकलाइन', म्हणजे त्रिकोणांनी ओलांडायची नाही अशी रेघ, म्हणून दिली नाही, तरी ओढ्यात जागोजागी खोटे बांध उभे राहतात. त्या ओढ्यावर मोरी लागते हे मग कुणाच्या लक्षातच येत नाही. जुना माणूस हातानं कंटूर काढताना इथं थबकायचा, कारण तो साइटवर जाऊन आलेला असायचा आणि ठिपके जोडताना त्याला ओढा आठवायचा.

पंचगंगेच्या काठाला आणखी एक गंमत आहे. ड्रोननं फोटो काढून जमिनीचं मॉडेल बनवायची पद्धत आता स्वस्त झाली आहे. पण ड्रोनला वरून जे दिसतं तेच तो मोजतो, आणि शिरोळ-करवीरच्या गाळपट्ट्यात वर्षातले बरेच महिने त्याला दिसतो तो ऊस. दहा-बारा फूट उंच उभ्या उसाचा शेंडा म्हणजे जमीन समजून मॉडेल तयार झालं, तर शेतं डोंगरासारखी वर येतात आणि पाणंदी दऱ्यांसारख्या खाली जातात. लेसर सोडणारी लायडार उपकरणं पानांच्या फटींतून थोडी खाली पोचतात. बाकी मग ऊस तुटून जाईपर्यंत थांबायचं, नाहीतर डीजीपीएसचा दांडा घेऊन सऱ्यांतून चालायचं.

घरांच्या बाबतीत कथा जरा निराळी आहे, कारण तिथं कंटाळवाणं काम चित्राइतकंच गणिताचं होतं. इमारतीच्या सांगाड्यात एका बीमवर भार आला, की त्याचा ताण शेजारच्या कॉलमला, तिथून पलीकडच्या बीमला असा पसरत जातो. हा पसारा हातानं आवरायची युक्ती हार्डी क्रॉस या अमेरिकन प्राध्यापकानं १९३० साली मांडली: ताण सांध्यांवर थोडा थोडा वाटत जायचा, उरलेला पुन्हा वाटायचा, उरलं-सुरलं नगण्य होईपर्यंत. कागदभर आकड्यांच्या रांगा. आपल्याकडच्या कॉलेजांतल्या कित्येक पिढ्यांनी ही आणि नंतरची कानी नावाच्या अभियंत्याची रीत घोटून पाठ केली.

आता वीस कॉलमची, तळमजल्यावर चार मजले चढवलेली इमारत घ्या. पाच पातळ्यांवर मिळून शंभर सांधे. प्रत्येक सांधा तीन दिशांना सरकू शकतो आणि तीन अक्षांभोवती वळू शकतो, म्हणजे सहाशे अज्ञात आकडे आणि सहाशे समीकरणं. शिवाय एकदा सोडवून भागत नाही. आयएस १८९३ या भूकंपाबद्दलच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत कोल्हापूर तिसऱ्या भूकंप विभागात आहे, आणि १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याला काही लांबचा नाही. भूकंप पूर्वेकडून ढकलेल, पश्चिमेकडून, उत्तरेकडून, दक्षिणेकडून. इमारत भरलेली असेल किंवा रिकामी. या सगळ्याच्या जोड्या लावल्या की नेहमीच्या साध्या इमारतीलाही तेरा प्रकारचे भार तपासावे लागतात. हातानं हिशोब करणारा अनुभवावरून त्यातले सगळ्यात वाईट दोन-तीन निवडायचा. स्टॅड किंवा ईटॅब्ससारखं सांगाड्याचं गणित करणारं सॉफ्टवेअर तेराच्या तेरा काही सेकंदांत सोडवतं, आणि प्रत्येक बीमला त्याच्यापुरता सगळ्यात वाईट कुठला ते सांगतं.

त्यापुढचं रटाळ काम सळ्यांचं. कुठल्या बीममध्ये किती मिलिमीटरची सळी, किती लांब, कुठं वाकवायची, त्याचा तक्ता म्हणजे बार बेंडिंग शेड्यूल. सळीचं वजन काढायचा 'डी स्क्वेअर बाय १६२' हा मंत्र साइटवरच्या प्रत्येकाला पाठ असतो: १६ मिलिमीटरची सळी, १६ चा वर्ग २५६, भागिले १६२, मीटरला १.५८ किलो. आता हा तक्ता मॉडेलमधून निघतो.

एवढं सगळं आपोआप झाल्यावर काय बिघडू शकतं? सॉफ्टवेअर बेरीज चुकत नाही, ते सांगितलेलं ऐकतं. गच्चीवर दहा हजार लिटरची टाकी आहे हे सांगायचं राहिलं तर दहा टन भार त्याच्या लेखी नाहीच. जमिनीची वहनक्षमता चौरस मीटरला २० टन लिहिली तर ते २० धरतं, मग खाली मुरूम असो की नदीकाठची काळी माती. आणि निकाल मात्र तितकाच देखणा, रंगीत, दशांशात तीन स्थळांपर्यंत.

म्हणून जाणता डिझायनर मॉडेल चालवल्यावर आधी एक साधा ताळा करतो. शंभर चौरस मीटरचा मजला, भिंती-स्लॅब-माणसं-सामान धरून चौरस मीटरला अंदाजे १.२ टन, म्हणजे मजल्याला १२० टन. चार स्लॅब असतील तर ४८० टनांच्या आसपास. हा सगळा भार शेवटी पायातून जमिनीत उतरतो, आणि त्याची बेरीज सॉफ्टवेअर दाखवतंच. ती ४६० किंवा ५०० असेल तर पुढं जायचं. ३३० असेल तर बहुधा भिंतींचं वजन द्यायचं राहिलंय. तसाच जुन्या लोकांचा 'फुटाला इंच' हा ठोकताळा: पंधरा फुटांचा गाळा, म्हणजे दोन कॉलममधलं अंतर, असेल तर बीमची खोली पंधरा इंचांच्या आसपास. स्क्रीनवर नऊ इंच दिसले की थांबायचं. हे ठोकताळे आता शिकवत बसायची गरज नाही असं काही शिक्षक म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही.

पुराबद्दल न बोलता कोल्हापुरात हा विषय संपत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४३ वर धोका, हे इथं शाळकरी पोरही सांगतं. निळी आणि लाल पूररेषा मात्र कुठून येतात ते फार थोड्यांना ठाऊक असतं. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांच्या पुराची, लाल १०० वर्षांच्या. याचा अर्थ असा पूर शंभर वर्षांनी एकदाच येतो असा नाही. कुठल्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक, असा आहे. २०१९ नंतर पुन्हा २०२१ पाहिलेल्या गावाला हा फरक नुसत्या पुस्तकातला वाटणार नाही.

तेवढं पाणी नदीत आलं तर ते कुठवर चढेल, हे नदीच्या छेदांवरून काढतात. खालच्या छेदाशी पातळी किती हे धरून चालायचं, वरच्या छेदाची अंदाजानं लिहायची, पाण्याच्या ऊर्जेचा जमाखर्च जुळतो का बघायचा. नाही जुळला तर आकडा बदलून परत. जुळला की त्याच्या वरचा छेद. हातानं एका पुराचा एक अंदाज काढायलाही मोठी चिकाटी लागायची. अमेरिकेच्या सैन्याच्या अभियांत्रिकी विभागानं केलेलं हेक-रास हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि असे शेकडो छेद काही मिनिटांत सोडवतं. पण त्याला एक आकडा माणसानंच द्यावा लागतो: पाण्याला वाटेत किती अडथळा होतो तो. मोकळ्या पात्राला तो ०.०३ च्या आसपास धरतात, झाडीझुडपाला त्याच्या दुप्पट-तिप्पट. आता ऑगस्टात पंचगंगेचं पाणी पसरतं ते उभ्या उसातून. त्याला किती धरायचं, यावर पाणी किती वर दिसेल ते बदलतं, पर्यायानं कुणाचा प्लॉट रेषेच्या आत जातो तेही. इथं सॉफ्टवेअर कुणाचीच बाजू घेत नाही.

ऑफिसातल्या माणसांचं काय झालं? नुसतं ट्रेसिंग करणाऱ्या ट्रेसरची वेगळी जागा उरली नाही. आयटीआयला सिव्हिल ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा ट्रेड अजून चालतो, पण आता त्या मुलाकडून रेघेपेक्षा जास्त अपेक्षा असते: कुठली गोष्ट कुठल्या लेयरवर, म्हणजे नकाशाच्या फाइलमधल्या कुठल्या थरात, ठेवायची हे त्याला चोख माहीत हवं, कारण बांधकाम परवानगीसाठी ऑटोडीसीआरसारखी नकाशे तपासणारी प्रणाली त्याची फाइल वाचते. प्लॉटची हद्द चुकीच्या लेयरवर असली तर तिच्या लेखी प्लॉटच नसतो आणि फाइल परत येते, नकाशा डोळ्यांना कितीही बरोबर दिसो.

आणि ही सगळी दावण कुठं तुटते म्हणाल, तर प्रिंट काढल्या क्षणी. मॉडेलमध्ये कॉलम सहा इंच सरकला की पाया, बीम, सळ्यांचा तक्ता सगळं सरकतं. साइटवर सिमेंटच्या पोत्याखाली दाबून ठेवलेला कागद सरकत नाही. सळ्या बांधणाऱ्या फिटरकडं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ गेल्या आठवड्याची असते, सेंट्रिंगवाल्याकडची त्याच्याही आधीची. म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात आर०, आर१, आर२ असा आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख असते. घर बांधत असाल तर स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीच्या हातातल्या कागदावरचा तो क्रमांक इंजिनिअरला फोन करून जुळवून घ्या. जुना निघाला, तर नवा येईपर्यंत मिक्सर मागवू नका.